देव्हाऱ्यातला पेंग्विनचा खडा

पुणतांब्यात बरीच वर्षं एक कुजबुज होती. रसवंतीवाल्या बन्सीची मुंबईला एक बाई आहे म्हणे, आणि ‘पेंग्विन’ हे तिचंच आडून घ्यायचं नाव.

कुजबुज कुणी सुरू केली हे विचारायचं नसतं. पण आडात पाणी कुठून येतं हे ठाऊक नसलं तरी पोहरा कुणाच्या हातात आहे हे दिसतंच की. पोहरा होता विजयमालेच्या हातात. ही साळूबाईची, म्हणजे बन्सीच्या बायकोची शेजारीण. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत. त्या भिंतीला वेगळे कान असायची गरज नव्हती, विजयमालेचे होते तेवढे पुरत होते.

“बाप्या मानूस जन्मात एकदा मुंबईला जातो,” ती नाकावर बोट ठेवून सांगायची, “येताना बायकोला साडी न्हाई, बांगडी न्हाई, खडा आनतो. आन तवापासून उठता-बसता एका पाखराचं नाव घेतो. पाखरासाठी कोन एवढं झुरतं व्हय? बाईच हाय ती. काळी साडी, पांढरं पोलकं.”

ऐकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. साळूबाई हसायची नाही. तो खडा तिच्या देव्हाऱ्यात होता.

झालं होतं असं. ज्या वर्षी मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विन बघायला खुले झाले आणि टीव्हीवर दुसरं काही दिसेनासं झालं, त्या वर्षी हिवाळ्यात छगनचा टेम्पो पेरू घेऊन वाशीच्या मार्केटला निघाला. छगन म्हणजे बन्सीचा लंगोटीयार आणि साळूबाईचा मानलेला भाऊ. तिला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून दर भाऊबीजेला ती छगनला ओवाळायची. थंडीत उसाचा रस कोण पितो? बन्सीची रसवंती झाकलेलीच होती. तो चढून छगनशेजारी केबिनमधे बसला. गुपचूप बसावं की नाही? नाही. “माल उतरला की पेंग्विन बघून येतो रे!” असं अख्ख्या स्टेशन रोडला ओरडून सांगून गेला. सगळ्या रामायणाचं मूळ ते ओरडणं. माणूस सांगून गेला की गाव वाट बघत बसतं.

परत आला तेव्हा साळूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. बन्सीनं चपला न काढता तिच्या पिठाच्या हातावर एक पांढरी गारगोटी ठेवली. पावट्याच्या शेंगेएवढी, एका बाजूनं गुळगुळीत.

“ह्ये काय?”

“पेंग्विननं दिला.”

“मला?”

“तुलाच. ऐक तर. ह्या पाखराचा नर असतो ना, तो सगळीकडं हिंडून एकच बेस खडा निवडतो. चोचीत धरून मादीपुढं नेऊन ठेवतो. तिनं उचलला की झालं लगीन. मग मरेस्तोवर दुसरीकडं मान वळवत न्हाई. तर एक नर आला चालत माझ्यापुढं. ठेवला खडा. माझ्याकडं बघितलं. म्हनलं, ह्यो साळूचा.”

साळूबाईची भाकरी तव्यावर करपली. आता तुम्ही म्हणाल, एका गारगोटीपायी एवढं काय? तर तिचा संसार बघा. गळ्यातलं डोरलं सासूनं निवडलेलं. साड्या नणंदेच्या पसंतीच्या. हातात काय भरायचं ते कासारीण ठरवणार. बन्सी वाईट नव्हता हो, दारू नाही, मार नाही. पण वाटेनं जाताना आपल्या बायकोला काही न्यावं, असं त्याच्या डोक्यात स्वतःहून कधी आलं नव्हतं. परमुलखात, गर्दीत, नवं जनावर समोर असताना ह्या माणसाला आपण आठवलो, याचा साळूबाईकडं एवढा एकच पुरावा. तिनं तो पुरावा धुतला, पुसला आणि खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू लावलं.

आपल्याकडं असंच आहे. गोट्याला कुंकू लागलं की तो गोटा राहत नाही.

मग गावात पेंग्विनाची लागण झाली. उन्हाळ्यात रसवंती उघडली ती ‘पेंग्विन रसवंती गृह’ होऊनच. पाटी रंगवली कल्याण पेंटरनं. त्यानं पेंग्विन बघितलेला नव्हता, म्हणून बन्सी समोर बसून सांगत गेला आणि तो काढत गेला. “पाठ काळी, पोट पांढरं, हात असे लोंबते, उंचीला माझ्या कमरेला लागंल.” चित्र पुरं झालं तेव्हा कोपरगावच्या कोर्टातला वकील चोच लावून उभा आहे असं दिसत होतं. तरी लोक बघायला आले. रसवंतीपुढं एसटी थांबायची, तो थांबाच पुढं पेंग्विन झाला. कंडक्टर ओरडायचा, “पेंग्विनवाले पुढं या!” पोरांनी पेंग्विन क्रिकेट क्लब काढला आणि पहिल्याच मॅचला मार खाऊन आले. वाल्मिकच्या गोठ्यात काळ्यापांढऱ्या गाईला कालवड झाली, तिचं नाव पेंग्विन. साळूबाईनं बाया जमवून बचत गट काढला, त्याचंही नाव पेंग्विन, आणि गटाच्या पापडाच्या पिशवीवर तोच चोचवाला वकील.

हे सगळं चाललं. पण खड्याचं जे झालं ते कुणाच्या हातचं राहिलं नाही. गटातल्या एकीनं नव्या सुनेला दर्शनाला आणलं. नवरा-नवरीनं जोडीनं खड्याला हात लावला. सुनेचा वर्षाच्या आत पाळणा हलला, नवराही पुण्याची नोकरी सोडून तिच्याजवळ येऊन राहिला. झालं! गावातल्या कुठल्याही लग्नात देवदर्शन आटपलं की वरात साळूबाईच्या दारात. जोडा अभंग राहू दे, म्हणून नारळ. साळूबाई नवी साडी नेसून उभी राहायची, खड्याची गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, “आमच्या ह्यांच्या हातात दिला त्या पाखरानं. ह्यांच्या हातात.”

आणि ‘हे’ कुठं? ‘हे’ बरोबर त्याच वेळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अंघोळीला. साळूबाईला वाटायचं, लाजतात.

विजयमालेनं कितीदा टोचलं तरी ती डगमगायची नाही. एकदा नळावर भांडी वाजली.

“साळू, रागावू नकोस, पन खडा काय पाखरू देतं? खडा देती बाई.”

“माझ्या देवातला खडा खोटा निघाला ना विजे, तर तुझ्या घरी पानी भरीन. आन खरा निघाला तर तू त्वांड शिवून घे.”

“शिवायला टेलर बी तुझाच आन. पेंग्विन टेलर!”

नळावरच्या बाया खदखदल्या. साळूबाई घागर घेऊन घरी आली आणि खड्यापुढं बसून राहिली. संध्याकाळी बन्सी आला. तिनं दिवा लावला, त्यानं नेहमीसारखे शेजारी उभं राहून हात जोडले. तिला तेवढं पुरलं.

परवाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला गटाच्या बायांनी ठरवलं, सहल काढायची. शिर्डी झाली, भंडारदरा झालं, आता मुंबई. ज्याच्या नावानं पापड खपवले तो पेंग्विन तरी बघू. साळूबाई उड्या मारत घरी आली.

बन्सी चरख्याच्या चाकांना तेल देत होता. “कशाला?” तो म्हणाला. “लई घान वास येतो तिथं.”

“आमी शेनात वाढलेल्या बाया. वासाचं काय सांगता?”

“आजारी असत्यात ती पाखरं. मानसं बघून बिथरत्यात.”

“तुमच्याकडं बघून तर न्हाई बिथरली. चला तुमीबी. ओळख दाखवा आमची.”

बन्सीनं रसाचा हंगाम पुढं करून अंग काढून घेतलं. छगनला गाडी विचारली तर त्याच्या टेम्पोची क्लचप्लेट गेली होती. कालपर्यंत ती गाडी ऊस ओढत होती, पण क्लचप्लेट जायला काय मुहूर्त लागतो? शेवटी बायांनी शिर्डीची एक क्रूझर ठरवली आणि पहाटे निघाल्या. साळूबाईनं खडा रुमालात बांधून सोबत घेतला होता. ज्याचा आहे त्याला एकदा दाखवावा म्हणून.

राणीच्या बागेत रांग होती. आत थंडगार. पुढच्या बाया “अगंबाई, आला आला!” करत होत्या. साळूबाईनं मान पुढं काढून बघितलं, तिची नजर कमरेच्या उंचीवर पेंग्विन शोधत होती. तिथं काहीच नव्हतं. मग तिनं खाली बघितलं.

गुडघ्याएवढे होते. चोचीच्या मुळाशी गुलाबी, छातीवर काळा पट्टा, बाजारात हरवलेल्या पोरासारखे चालणारे. गोड होते हो, वाईट नव्हते. पण ते काचेपलीकडं होते. साळूबाईनं काचेला हात लावला आणि तो सरकवत भिंतीपर्यंत गेली. काच जमिनीपासून डोक्याच्या वर, सलग. खडा सरकवायलाही फट नाही.

तिथं गणवेशातली एक पोरगी लोकांना पुढं सरकवत होती. साळूबाईनं तिला विचारलं, “बाळे, ही काच कवापासून हाय?”

“पहिल्यापासून, मावशी. ते आले तेव्हापासून.”

“मधी उघडत आसतील. लोकांना भेटायला.”

पोरगी हसली. “नाही मावशी, त्यांना ही थंड हवा लागते. आत फक्त कर्मचारी जातात. चला, पुढे सरका.”

साळूबाई पुढं सरकली नाही. मागच्या लोकांनी तिला वळसा घातला. एक पेंग्विन काचेपाशी आला, तिच्याकडं एक डोळा करून बघितलं आणि गेला. रुमालाची गाठ तिनं सोडलीच नाही.

विजयमाला मागंच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. आता ही बाई गप्प बसली म्हणजे गावात कुणीतरी गेलं असं समजायचं. पण परतीच्या वाटेवर अख्खा घाट चढेपर्यंत विजयमाला गप्प होती. इगतपुरीला तिनं स्वतः जाऊन साळूबाईला चहा आणून दिला. मग हळूच, कुणाला न ऐकू जाईल असं म्हणाली, “साळू, आता तरी मान्य कर. पाखरानं न्हाई दिला. कुनीतरी दिलाय.”

पहिल्यांदाच साळूबाईला ते खरं वाटलं. सिन्नरपर्यंत ती त्या बाईचा विचार करत बसली. कशी असेल, केवढी असेल. आपल्यापेक्षा गोरी असेल का. दिलेला खडा बन्सीनं लपवून ठेवायचा सोडून आपल्याच देवात का बसवू दिला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गंगेवरनं तांब्या भरून सरळ रसवंतीवर गेली. गिऱ्हाईक अजून नव्हतं. बन्सी उसाची मोळी सोडत होता आणि छगन बाकड्यावर बसून फुकटचा रस पीत होता. छगनला तिथं रोज फुकट रस मिळायचा. का, ते गावात कुणालाच कधी कळलं नव्हतं. सगळे म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी.

“कशी झाली सहल?” बन्सीनं विचारलं, पण वर बघितलं नाही.

“काच हाय तिथं.”

बन्सी उसाचं पाचट काढत राहिला. “तवा न्हवती.”

“पहिल्यापासून हाय म्हनली ती पोरगी.”

“तिला काय ठावं? काल लागली आसंल नोकरीला. तवा नुसतं आसं तारेचं कंपान व्हतं. नर आला चालत...”

साळूबाईनं तांब्या बाकड्यावर ठेवला, तो छगनपुढं. “छगनभाऊ, ह्यांचं राहू द्या. तुमी दर भाऊबीजेला माझ्या पाटावर बसता. ह्यो गंगेचा तांब्या. ह्याला हात लावा आन सांगा, त्या खड्याची बाई कोन?”

“बाई?” छगन खरोखरच दचकला. “बाई कुठली, ताई? आईशप्पथ, बाईबिई कोन न्हवती.”

“मग हात लावा.”

छगननं बन्सीकडं बघितलं. बन्सीनं त्याच्याकडं असं बघितलं की, बाबा रे, एवढ्या वर्षांचा रस आठव. छगननं रसाचा पेला खाली ठेवला आणि तांब्याला हात लावला.

“येताना कसारा घाटात गाडी गरम झाली व्हती. चाकाला लावायला धोंडे गोळा केले. त्यात ती गारगोटी घावली ह्याला. म्हनला, हात हलवत कसं जायाचं, सगळ्यांना सांगून आलोय. ताई, आमी बागेत गेलोच न्हाई. ह्यानं पेंग्विन बघितलेलाच न्हाई.”

 बन्सी म्हणाला, “अगं, तुझ्यासाठीच उचलला ना पन? ते तर खोटं न्हाई. एकदा त्वांडातनं गेलं, मग तू कुंकू लावलंस, मग गावच नाचाया लागलं. मी कवा सांगायचं?”

साळूबाईचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बन्सीला बरं वाटलं असतं.

“एकदा बोलून गेला, ते समजलं मला. मानूस बोलतो. पन रोज सांच्याला मी दिवा लावायची, तवा तुमी शेजारी उभं राहून हात जोडायचा. रोज. ते कुनाला जोडत व्हता?”

बन्सीनं हातातलं पाचट खाली टाकलं.

“नव्या पोरी आनून त्यांचे हात लावले मी त्याला. तुमच्या नावानं. आन तुमी दोघं हितं बसून रस पीत व्हता.” तिनं छगनकडं पाहिलं. “बाई आसती ना, तर मी भांडले आसते. तिच्या झिंज्या धरल्या आसत्या, तुमाला घराबाहेर काढलं आसतं, चार दिसांनी घरात घेतलं आसतं. बाईसंगं भांडता येतं. आता मी कुनाशी भांडू? धोंड्याशी?”

“ताई...” छगननं सुरुवात केली.

“ताई म्हनू नका.”

तिनं रुमाल सोडून गारगोटी काढली. फेकली वगैरे नाही. रसवंतीचं ते बाकडं कायम डुगडुगायचं, त्याच्या आखूड पायाखाली तिनं वाकून ती सारली आणि हलवून बघितलं. बाकडं बसलं. तांब्यातलं पाणी तुळशीला घालायचं म्हणून परत घेऊन ती घरी गेली.

त्या वर्षी भाऊबीजेला छगन नवा सदरा घालून गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता, असं म्हणतात. दार लोटलेलं बघून परत गेला. रसवंतीवर तो आता पैसे देऊन रस पितो, तोही उभ्या उभ्या. बन्सीला घरात जेवायला मिळतं, चहा मिळतो, धुतलेले कपडे मिळतात. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की साळूबाई आतून कडी घालते, एकटीच लावते आणि मग कडी काढते. बन्सी ओट्यावर बसून कडीचा आवाज ऐकतो.

पेंग्विनांचं काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. थांबा अजून पेंग्विनच आहे, क्लब अजून हरतो, वाल्मिकची कालवड आता दोनदा व्यालेली गाय आहे. नाव एकदा पडलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

फक्त माघ महिन्यात विजयमालेची भाची सुकन्या लग्न होऊन आली, आणि रिवाजाप्रमाणं जोडा साळूबाईच्या दारात आला. पाठीमागं अर्धी गल्ली. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता, बाळकृष्ण होता, शेजारी हळदकुंकवाचा एक गोल डाग होता आणि त्यावर काही नव्हतं.

“खडा कुठं गेला, काकू?” सुकन्यानं विचारलं.

“काढला.”

“का?”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. विजयमालेनं सुस्कारा टाकला, पुढं होऊन साळूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा दबक्या आवाजात म्हणाली, “नका गं विचारू तिला. सवतीचा खडा कोन देवात ठेवील?”

सगळ्यांनी साळूबाईकडं पाहिलं. एवढी वर्षं ह्याच एका वाक्यावर ही बाई नळावर भांडली होती. सगळ्यांना वाटलं, आता भांडेल.

साळूबाईनं नवरीची ओटी भरली. “खंडोबाच्या पाया पडा दोघं,” ती म्हणाली. “जुना देव हाय.”

ती नाही म्हणाली नाही, त्यामुळं कुजबुजीला आता पक्कं घर मिळालं. बाई दादरला राहते इथपर्यंत गाव पोचलं आहे. तिला एक मुलगा असल्याचं राहुरीच्या बाजूला ऐकू येतं. बन्सी पंचवीस जणांना सांगून थकला की बाई नाही. पण मग खडा कुठला, असं विचारलं की तो चरखा सुरू करतो, आणि साळूबाई तर तोंडच उघडत नाही.

बन्सीची मुंबईला कोणी बाई नव्हती. माल उतरवून तो आणि छगन राणीच्या बागेच्या फाटकावर गेले, तो बुधवार होता. बुधवारी बाग बंद असते. पेंग्विन खडा देतो हे त्यांना बाहेरच्या भेळवाल्यानं सांगितलं. ते भेळ खाऊन परत आले.